काशवनांतील सुरवंट

सागर हें नांव ऐकून कोणास समुद्रकिनाऱ्याची आठवण होत असेल तर ती त्यानें तत्काळ मनांतून काढून टाकावी. मध्यप्रदेशांतील हें सागर समुद्रापासून शेंकडों मैल दूर, विंध्याच्या पठारावर वसलेलें आहे. आणि त्यास हें नांव मिळालें तें गांवाच्या मध्यभागीं पसरलेल्या विस्तीर्ण तलावामुळें. हा तलाव कोणा लाखा बंजाऱ्यानें खणविला, व पाणी लागेना म्हणून पुत्र व स्नुषा यांचा बळी दिला, अशी कथा तेथील आबालवृद्ध सांगतात. ऐकतांना अंगावर कांटा उभा राहतो. परंतु आपल्या देशांतील निम्म्याअधिक जुन्या तलावांची कथा थोड्याफार फरकानें अशीच आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जीव स्वस्थ होतो.

महाराष्ट्रीयांस या गांवाचें अगत्य वाटावें तें निराळ्या कारणानें. छत्रसालानें बाजीरावास आपल्या राज्याचा जो तिसरा हिस्सा दिला, त्याचा कारभार पुढें रत्नागिरीकडील नेवरें गांवच्या गोविंदपंत खेरांकडे आला. इतिहासांतील गोविंदपंत बुंदेले ते हेच. पानिपतच्या मोहिमेंत, १७६० च्या डिसेंबरांत, अबदालीच्या स्वारांशीं गांठ पडून ते मारले गेले. पण त्यांच्या आश्रयानें आलेलीं कोंकणांतील घराणीं तेथेंच राहिलीं. १८१८ त इंग्रजी अंमल आला तरी तीं उठलीं नाहींत. आजहि सागरांत मराठी बोलणारीं घरें आहेत. मात्र त्या मराठीस बुंदेलीचें विरजण इतकें लागलें आहे कीं, पुण्याच्या माणसानें पहिले दोन दिवस मुकाट्यानें ऐकावें हें बरें.

आमच्या मातोश्रींच्या धाकट्या भगिनी, म्हणजे आमच्या मावशी, अशाच एका घरांत १९५९ सालीं सून म्हणून गेल्या. घराची शेती सागरांत नसून खुरई तहसिलींतील एका खेड्यांत आहे. पुण्याकडून जाणारानें भोपाळच्या पुढें बीना जंक्शनवर उतरावें. तेथून कटनीकडे जो फांटा जातो त्यावर प्रथम खुरई लागतें व मग सागर. खुरई हें गहूं आणि मळणीयंत्रें यांकरितां त्या प्रांतीं प्रसिद्ध आहे. बाजारांतून चालूं लागलें कीं दुतर्फा ऐरणीचा व घणाचा आवाज कानीं येतो. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आम्ही प्रथम गेलों तें २०२४ च्या आश्विनांत, नवरात्राच्या आरंभीं. पाऊस नुकताच सरला होता. गाडीच्या दोहों अंगांस, ओढ्यांच्या कांठीं व पडिक जमिनींत, काश फुलला होता. मैलोगणती पांढरे तुरे वाऱ्यानें एकदम लवत आणि एकदम उठत. कालिदासानें ऋतुसंहारांत शरदास नववधू कल्पून तिला काशाचें वस्त्र नेसविलें आहे. तीस वर्षें आम्हीं हें विद्यार्थ्यांस शिकविलें. पण काश डोळे भरून पाहिला तो त्या दिवशीं. घरीं पोंचतांच मावशींस आम्हीं ही शोभा मोठ्या उत्साहानें वर्णन करून सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व म्हणाल्या, "तुझ्या कालिदासाला त्यांतलं एक एकर नांगरायला लावायला हवं होतं रे!"

काश म्हणजे एक तृण. उंची पुरुषभर, पातें करवतीसारखें, आणि शरदांत शेंड्यावर शुभ्र तुरा. त्या प्रांतीं त्यास 'कांस' म्हणतात. अमरकोशांत त्याचीं 'इक्षुगन्धा' व 'पोटगल' अशीं आणखी दोन नांवें आहेत. पैकीं पहिलें किती यथार्थ आहे याचा प्रत्यय विसाव्या शतकांत आला. कारण काश हा उंसाचा जवळचा भाऊबंद होय. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊंसपैदाशीचें केंद्र निघालें. तेथील बार्बर व वेंकटरामन् या शास्त्रज्ञांनीं गोड पण नाजूक उंसाशीं या रानटी काशाचा संकर केला, आणि १९१८ सालीं 'को. २०५' ही जात बाहेर आली. पुढील कोइमतुरी जातींच्या अंगांतहि हें रक्त खेळतें. तेव्हां नगर-कोल्हापूरकडील ज्या बागाइतदारांनीं उंसाच्या जोरावर घरांवर माड्या चढविल्या, त्यांनीं काश दिसल्यास नमस्कार करण्यास हरकत नाहीं.

खुरईचा शेतकरी मात्र त्यास नमस्कार करील तो दुरूनच. दख्खनांत जी गोष्ट हरळीची व कुंद्याची, तीच, परंतु दसपटीनें, तेथें काशाची. त्याचीं मुळें, वस्तुतः जमिनींत आडवीं धांवणारीं खोडेंच तीं, काळ्या मातींत इतकीं खोल उतरतात कीं बैलांचा नांगर त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. एखादा तुकडा राहिला तरी त्याच्या पेऱ्यापेऱ्यास नवा कोंब फुटतो. शेत वर्षानुवर्षें वाहतें राहिलें तर हा शत्रु दबून असतो. तें चार वर्षें पडिक पडलें कीं मालकाच्या आधीं काश त्याचा ताबा घेतो. १८९३ पासून त्या जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व तांबेरा यांनीं गव्हाचीं पिकें लागोपाठ बुडालीं, आणि त्यांवर १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ येऊन आदळले. बैल मेले, बियाणें खाऊन संपलें, माणसें गेलीं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सागर जिल्ह्याची वस्ती जवळजवळ पंचमांशानें घटली. ओस पडलेल्या गव्हाच्या जमिनींत तेव्हां जो काश शिरला, तो पुढें पिढ्यान्‌पिढ्या हटला नाहीं. जबलपूर-नरसिंगपूरकडे शेतास उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवतात आणि मुळें कुजवितात. त्या पद्धतीस 'हवेली' म्हणतात. पण त्यास जमीन सपाट लागते व गांठीं पैसा लागतो.

पुढें दुसरें महायुद्ध झालें. लेडोपासून ब्रह्मदेशांतून चीनकडे रस्ता काढणाऱ्या अमेरिकन सैन्यानें पहाड फोडणारीं अवजड यंत्रें या देशांत आणलीं होतीं. युद्ध संपल्यावर सैन्याचीं अशीं यंत्रें येथें उरलीं. त्यांतील साखळीचे ट्रॅक्टर घेऊन सरकारनें केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. १९४९ सालीं जागतिक बँकेनें शेतीच्या यंत्रांकरितां १ कोटि डॉलरांचें कर्ज दिलें, त्यांतून नवीन ट्रॅक्टरहि आले, आणि मध्यप्रदेश व भोपाळकडील काशाच्या जमिनी फूटफूटभर खोल उलथल्या जाऊं लागल्या. युक्ति साधी आहे. उन्हाळ्यांत जमीन खोल उलथावी, मुळें वर आणावीं, आणि बाकीचें काम वैशाखाच्या उन्हावर सोंपवावें.

साखळीचा ट्रॅक्टर आमच्या पुष्कळ वाचकांनीं रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामावर पाहिला असेल. यास चाकांच्या जागीं दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्यांच्या अखंड माळा असतात. यंत्र आपला रस्ता आपणच पुढें अंथरतें व मागून गुंडाळून घेतें. भार सर्व पट्ट्यांवर वांटला गेल्यामुळें चाक जेथें रुतेल तेथें हें रुतत नाहीं. कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन गांवच्या बेंजामिन होल्टनें १९०४ च्या नोव्हेंबरांत असें वाफेचें यंत्र दलदलीच्या जमिनींत चालवून पाहिलें. छायाचित्र घेण्यास आलेला गृहस्थ म्हणाला, "हें तर सुरवंटासारखें सरपटतें!" तेंच नांव पडलें. इंग्रजींत सुरवंटास कॅटरपिलर म्हणतात. १९२५ सालीं होल्टची व त्याच्या प्रतिस्पर्ध्याची कंपनी एक झाली तेव्हां नव्या कंपनीसहि तेंच नांव मिळालें. खुरईचे लोक इतक्या खोलांत न शिरतां 'चैनवाला' म्हणतात.

असा एक चैनवाला, कॅटरपिलरचा 'डी ७' जातीचा, सुमारें ११ टन वजनाचा, मावशींच्या यजमानांनीं १९६२ सालीं लिलावांत घेतला. पैसे कमी पडले तेव्हां मावशींच्या चार तोळ्यांच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहींत. मावशींचें वय तेव्हां एकवीस वर्षांचें. पाटल्या देण्यास त्यांची ना नव्हती. त्यांस कोणीं विचारलेंच नाहीं, एवढेंच. काकांनीं त्या यंत्रानें घरची जमीन साफ केली, भाड्यानें दहा गांवची केली, आणि १९८१ सालीं साखळी तुटून सुटे भाग मिळेनात तेव्हां तें ओढ्याकांठच्या शेताच्या कडेस मोहाच्या झाडाखालीं नेऊन उभें केलें. १९९६ त काका वारले. यंत्र उभेंच राहिलें. प्रतिवर्षीं खंडेनवमीस नांगर-कोयत्यांबरोबर त्यासहि हळदकुंकू व झेंडूची माळ मिळे. त्यापलीकडे कोणी हात लावीत नसे.

आम्हीं तें पाहिलें तेव्हां त्याच्या सांगाड्यांतून काश उगवला होता. साखळीच्या पट्ट्यांमधून, आसनाखालून, नांगराच्या फाळांमधून पांढरे तुरे डोलत होते. ज्याच्या निर्मूलनाकरितां तें आणलें त्यानेंच त्यास आपल्या छत्राखालीं घेतलें होतें.

आतां घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ती नवी वाटणार नाहीं. मावशींचे चिरंजीव हे थोरले. ते बँकेंतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या दिवंगत दिरांचे चिरंजीव हे धाकटे. त्यांचा खुरईच्या बाजारांत मळणीयंत्रांचा कारखाना आहे. ओढ्याकांठचें नऊ एकरांचें शेत कोणाच्या वांट्याचें यावरून २०१२ सालीं दोघांत दावा लागला. अकरा वर्षें तारखा पडल्या. इतक्या अवधींत शेत कोणींच नांगरलें नाहीं, कारण नांगरणारास ताबा सांगतां आला असता. काशास मात्र कोर्टाची मनाई नव्हती. २०२३ सालीं तडजोड होऊन शेत निम्मेनिम झालें तोंपर्यंत बांधहि दिसेनासा झाला होता. यंत्र तेवढें सामाईक राहिलें. त्याचे दोन तुकडे करतां येईनात.

थोरल्यांचें म्हणणें असें कीं, भंगारवाला साडेतीन लाख देतो, ते घ्यावे, निम्मे वांटावे, आणि भाड्याचा नवा ट्रॅक्टर लावून शेत काढावें. धाकट्यांचें म्हणणें असें कीं, यंत्र मेलेलें नाहीं, झोंपलेलें आहे. आमच्या मतें थोरल्यांचा पक्ष हिशेबानें बिनतोड होता. परंतु निकाल मावशींकडे गेला. त्या घरांत अजूनहि शेवटचा शब्द त्यांचा असतो. खंडेनवमीची पूजा आटोपल्यावर ओलें कुंकू पुशीत त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या प्रेताला हळदकुंकू वाहते आहे. अक्षय्यतृतीयेपर्यंत चाललं तर चाललं. नाहींतर भंगारवाल्याला बोलवा, आणि आलेल्या पैशांतून आधीं माझ्या पाटल्या करा, मग तुमची वांटणी."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं धाकट्यांनीं मिस्त्रींस आणलें. हे गृहस्थ बहात्तर वर्षांचे, अंगानें काडीसारखे, व एका कानानें बहिरे. बाराव्या वर्षीं ते याच यंत्रावर वंगण घालणारा पोऱ्या म्हणून कामास लागले होते. त्यांनीं प्रथम यंत्राभोंवतीं एक फेरी मारली, काश कापविला, आणि मग वर चढून धुराच्या नळकांड्यावरचें गंजाच्या रंगाचें कांहींसें काढलें. तें एक पितळी तपेलें होतें. काकांनीं यंत्र ठेवतांना पावसाचें पाणी आंत जाऊं नये म्हणून नळकांड्यावर तें उपडें घातलें होतें. मिस्त्री म्हणाले, "मालकांनीं एंजिन वांचवलं." मावशी म्हणाल्या, "हें माझं बाळंतपणांतलं तपेलं! मी घरांतल्या मोलकरणीवर संशय घेतला होता." त्या बाईस जाऊन वीस वर्षें झालीं. मावशी त्या दिवशीं फारशा जेवल्या नाहींत.

हिंवाळाभर काम चाललें. आम्ही पुण्यास होतों. परंतु धाकटे बंधु दर रविवारीं दूरध्वनीवर वृत्तांत सांगत, आणि त्यांतून आम्हांस जें समजलें तें लिहितों. एंजिनाच्या पोटांतील तेल काढावयाचें तेव्हां मिस्त्रींनीं तळाचा पेंच एकदम न काढतां अर्धाच ढिला केला. आधीं दोन शेर स्वच्छ पाणी आलें, कारण पाणी जड, तें खालीं बसतें. मग डांबरासारखें तेल. एंजिनास चार नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास पावणेसहा इंच आणि दट्ट्याची धांव आठ इंच. तीन नळकांडीं काळवंडलीं होतीं पण गुळगुळीत होतीं. चवथ्यांत गंज धरून दट्ट्या जागींच बसला होता. त्यांत डिझेल, रॉकेल व पातळ तेल यांचें मिश्रण ओतून तें भिजत ठेविलें. थोरल्यांनीं सुचविलें कीं, नवा ट्रॅक्टर जुंपून गियरमध्यें ओढावें म्हणजे सुटेल. मिस्त्रींनीं कानावर हात ठेवले. असें ओढल्यानें दट्ट्या सुटत नाहीं, दांडा वांकतो. ते रोज सकाळीं जाडचाकाच्या दांत्यांत पहार घालून तिजवर आपला भार टाकीत, एकदां पुढें, एकदां मागें, आणि कांहीं न होतां चहा प्यावयास जात. एकविसाव्या दिवशीं चाक केसभर हललें. त्या संध्याकाळीं धाकट्यांनीं आम्हांस जो दूरध्वनि केला तो ऐकून आमच्या कुटुंबास वाटलें कीं त्यांच्या घरीं नातू झाला.

मोठें एंजिन हातानें फिरविणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें असतें. म्हणून त्याच्या अंगावर दोन नळकांड्यांचें एक लहानसें पेट्रोलचें एंजिन बसविलेलें असतें. त्यास 'पोनी', म्हणजे तट्टू, म्हणतात. आधीं हँडल मारून तट्टू जागें करावयाचें, मग त्यानें थोरल्यास फिरवावयाचें. यांतील योजना मोठी मनोहर आहे. दोघांचें पाणी एकच असल्यामुळें तट्टू तापलें कीं तें पाणी थोरल्याच्या अंगांतून खेळून त्यास ऊब देतें. आणि तट्टाचा कढत धूर थोरल्याच्या हवेच्या वाटेजवळून नेलेला असल्यानें त्याचा पहिला श्वासहि गरम होतो. पण या तट्टाचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओल धरून मेला होता. मिस्त्रींनीं तो सोडवून त्याचें वेटोळें मावशींच्या गच्चीवर पापडांच्या शेजारीं आठ दिवस उन्हांत वाळविलें, टोंकें बारीक कागदानें घांसलीं, आणि नवव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत निळी ठिणगी पाडून दाखविली. ती पाहण्यास मावशी माजघरांतून उठून आल्या होत्या.

साखळीनें सर्वांत छळलें. तिचा एकेक सांधा गंजून ताठ झालेला. दोन भाड्याचे ट्रॅक्टर लावून यंत्र ओढलें तेव्हां माळ सरळ होईना, संधिवाताच्या बोटाप्रमाणें वांकडी ती वांकडीच. प्रत्येक सांधा गॅसच्या ज्योतीनें तापवून, तेल पाजून, हलवून मोकळा केला. तुटलेल्या खिळी धाकट्यांच्या कारखान्यांत कातल्या. यांतच दोन महिने गेले.

२०२५ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांत आम्ही सपत्नीक पुन्हां खुरईस पोंचलों. अक्षय्यतृतीया ३० तारखेस होती. २७ तारखेस सकाळीं एंजिन चालवून पाहण्याचें ठरलें, आणि निम्मा गांव मोहाच्या झाडाखालीं जमा झाला. थोरले बंधु जरा दूर, छत्री उघडून उभे होते.

सुरू करण्यापूर्वीं मिस्त्रींनीं एक चमत्कारिक मागणी केली. त्यांस एक जाड पोळपाट हवा होता. कारण विचारतां त्यांनीं सांगितलें तें आम्हांस पटलें. डिझेल-एंजिनास ठिणगी लागत नाहीं. डिझेल मिळत राहिलें कीं तें धांवत राहतें. डिझेल मोजून देणारी दांडी गंजानें उघडीच अडकली तर एंजिनाचा वेग आंवरत नाहीं, आणि शेवटीं तें फुटतें. अशा वेळीं उपाय एकच: त्याचा श्वास कोंडणें. म्हणून हवेच्या तोंडावर पोळपाट दाबून धरण्यास एक माणूस उभा हवा. दांडी शंभर वेळां हलवून पाहिलेली होती. तरी पण भरंवसा कोणी द्यावा? मावशींनीं सागवानी पोळपाट काढून दिला. तो धरून यंत्रावर उभें राहण्याचें काम थोरल्यांनीं आपण होऊन मागितलें. धाकटे म्हणाले, "दादा, तुम्ही नको." थोरले म्हणाले, "निम्मं एंजिन माझं आहे." आणि छत्री आमच्या हातीं देऊन ते वर चढले.

धाकट्यांनीं हँडल मारलें. सात वेळां कांहीं नाहीं. आठव्या वेळीं तट्टू खोकललें, नवव्या वेळीं तडतडत चालूं लागलें. मिस्त्रींनीं दहा मिनिटें कोणास बोलूं दिलें नाहीं. मग दाब मोकळा सोडणारा दांडा उघडा ठेवून त्यांनीं तट्टू थोरल्या एंजिनास जोडलें. आंतून लोखंडाची एक खोल, सुस्त हालचाल ऐकूं येऊं लागली. तेलाचा कांटा वर चढेपर्यंत तसेंच फिरविलें. मग दांडा बंद केला, आणि डिझेल सोडलें. धुराच्या नळकांड्यांतून उंदरांच्या बिळांतील काड्या, गंज, व चव्वेचाळीस वर्षांची काजळी असा एक काळा स्तंभ आकाशांत गेला. एक नळकांडें पेटलें, मग दुसरें, मग एकदम वेग चढूं लागला. चढतच गेला. पायांखालची जमीन थरथरूं लागली, लोक मागें सरकले, मिस्त्रींनीं हात वर केला आणि थोरल्यांनीं डोळे मिटून पोळपाट दाबला.

एंजिन गुदमरलें, आणि थांबलें. दांडी अडकली होती.

ती पुन्हां काढून, घांसून, तेल घालून बसविण्यास दोन दिवस लागले. पोळपाटास हवेच्या तोंडाचा गोल वळ उठला आहे. तो अजून आहे. २९ तारखेस सायंकाळीं एंजिन पुन्हां सुरू झालें, व चवथें नळकांडें थोडें धुरकट असलें तरी संथ लयींत चालत राहिलें. त्या मोठ्या चार नळकांड्यांचा ठेका सावकाश असतो. जवळ उभें राहिलें असतां प्रत्येक स्फोट निराळा मोजतां येतो. मावशी खुर्ची घालून बसल्या होत्या. त्यांचे ओंठ हलत होते. जप चालला होता कीं स्फोट मोजणें, हें आम्हांस कळलें नाहीं.

तृतीयेच्या दिवशीं नांगर जोडला. फाळांपैकीं तीनच शाबूत होते. पहिल्या तासांत जमीन जी उलटली ती पाहून आम्हांस काशाच्या मुळांची खरी कल्पना आली. पिंवळट दोर, करंगळीएवढे, एकमेकांत विणलेले, नुसत्या सतरंज्याच्या सतरंज्या वर येत होत्या. दुसऱ्या दिवशीं उजव्या बाजूची वळविणारी क्लच जाम झाली व यंत्र उजवीकडे वळेना. डावीकडे वळत होतें. मिस्त्री म्हणाले, डावीकडेच वळूं. तेव्हां तें सबंध शेत कडेपासून मध्यापर्यंत उलट्या प्रदक्षिणेनें नांगरलें गेलें. आम्हीं मावशींस म्हटलें, हें तर अपसव्य झालें. त्या म्हणाल्या, "होऊं दे. पितरांचंच राहिलेलं काम आहे."

नऊ एकरांस सहा दिवस लागले. थोरल्यांनीं वहींत खर्च टिपला आहे: यंत्र दुरुस्तीस एक लाख ऐंशी हजार, डिझेलास सुमारें पन्नास हजार. भाड्याचा नवा ट्रॅक्टर याच्या अल्पांशांत काम करून गेला असता, आणि हें लपविण्याचें कारण नाहीं. हिशेब त्यांनींच मांडला, आणि शेवटचे दोन दिवस डिझेलचे डबे बांधावरून वाहून नेण्याचें कामहि त्यांनींच केलें. शिवाय एका नांगरटीनें काश मरतो असें कोणीं समजूं नये. पावसाळ्यांत पीक उभें ठेवून शेत पांच-सात वर्षें सतत वाहतें राहिलें पाहिजे, आणि तें दोघांचेंहि राहिलें पाहिजे. एकानें आपला अर्धा भाग पडिक टाकला तर मुळें बांध ओळखत नाहींत. २०२५ च्या पावसाळ्यांत दोघांनीं एकाच दिवशीं सोयाबीन पेरलें. कडेकडेनें काशाचे कोंब पुन्हां दिसले, व ते दोन्ही घरच्या मजुरांनीं मिळून खणून काढले, असें पुढें कळलें.

भंगारवाला तृतीयेनंतर येऊन परत गेला. मावशींनीं यंत्र ठेवण्यास संमति दिली. परंतु थोरल्यांनीं जेव्हां "मग आई, पाटल्यांचं मिटलं ना?" असें विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "यंत्र ठेवा म्हटलं. पाटल्या सोडल्या असं म्हटलं नाहीं." थोरल्यांनीं वहींत खर्चाच्या खालीं एक ओळ वाढविली: आईच्या पाटल्या, चार तोळे, देणें. धाकट्यांनीं शेजारीं सही केली.

धुराच्या नळकांड्यावर आतां रंगाचा रिकामा डबा उपडा घातलेला आहे. तपेलें मावशींनीं परत घेतलें. चिंच लावून त्यांनीं तें स्वतः घांसलें, तरी आंतून कल्हई गेलेली. आणि त्या खेड्यांत आतां कल्हईवाला येत नाहीं. सागरास एक जण अजून तें काम करतो असें समजल्यावरून, आम्ही तिकडे जावयास निघालों तेव्हां तें जुन्या धोतरांत गुंडाळून आमच्या पिशवींत आलें, आणि मावशी दारापर्यंत येऊन आमच्या कुटुंबास बजावीत राहिल्या कीं, कल्हई समोर उभं राहून करवून घ्या, नाहींतर तो नुसता हात फिरवून पैसे घेतो.